सरळ रेघांची गल्ली

४ फेब्रुवारी

आज माझं डोकं फिरलं. ते रोजच फिरतं असं मामी म्हणेल, पण आजचं कारण खरंच मोठं होतं.

सकाळी एक बाई मिक्सर घेऊन आल्या. मामाचं दुकान मिक्सर, इस्त्री, हीटर असल्या दुरुस्तीचं, आणि कॉलेज सोडल्यापासून मी त्याच्या हाताखाली. मामानं मिक्सर कानाला लावला आणि म्हणाला, "हा आवाज काही ओळखीचा नाही. शिलाईकाकूंना दाखवून ये."

शिलाईकाकू म्हणजे समोरच्या, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या. मिक्सरशी त्यांचा काय संबंध? तरी गेलो. त्यांनी बसवलं, चहा पाजला, मिक्सर उघडला आणि म्हणाल्या, "आतला बुश, दांडा फिरतो ती कडी, गेलाय वाटतं. तात्यांना विचार." तात्या लेथवर लोखंड कातून सुटे भाग बनवतात. त्यांनीही चहा पाजला. बुश उत्तम आहे म्हणाले, पण आतली ठिणगी आवडली नाही, रेडिओकाकांना दाखव. रेडिओकाकांकडे पुन्हा चहा, आणि तो तर औषधासारखा कडू. असं करत मिक्सर आख्खी गल्ली फिरला आणि संध्याकाळी आमच्याकडे परत आला तो सुरळीत चालत! कोणी दुरुस्त केला म्हणून विचारलं, तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

"ह्याला धंदा म्हणतात?" मी मामाला विचारलं.

"चालला ना मिक्सर?"

"पण कोणामुळे?"

"तुला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय? त्याचं घराणं कशाला विचारतोस?"

आमची गल्ली सगळी दुरुस्तीवाल्यांचीच, आणि प्रत्येक वस्तू अशीच वरातीसारखी फिरते. दिवस जातात, तास जातात, माझी झोप जाते ती चहामुळे. कोणीतरी हे थांबवायला हवं, आणि गल्लीत माझ्याइतकं शिकलेलं कोणी नाही. अर्धवट का होईना.

७ फेब्रुवारी

ती आली होती.

ती म्हणजे गल्लीच्या टोकाच्या वाइंडिंगवाल्या काकांची मुलगी. काका जळालेल्या मोटरींमध्ये तांब्याची नवी तार गुंडाळून देतात आणि तीही त्यांच्या शेजारी बसून तेच करते. पुढे या वहीत फक्त 'ती' असं लिहीन, कारण मामीला वाचायची आवड आहे आणि लाज नाही.

ती टेबलफॅन घेऊन आली. "बाबा म्हणाले, स्विच बघा."

मी स्विच बघितला. चांगला होता. वायर बघितली, चांगली. पंखा लावला तर गारेगार वारा. ती समोरच्या स्टुलावर बसून सगळं बघत होती, आणि माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर सारखा पडत होता.

"ह्यात काही बिघाड नाही," मी म्हणालो.

"नीट बघितलंत?"

"मागच्या आठवड्यात आणलेल्या पंख्यातही नव्हता. त्याच्या आधीच्या इस्त्रीतही नव्हता. तुम्ही दुकानात काही तपासता की नाही?"

ती पंखा उचलून गेली. मामा आतून खोकला. मामाला हल्ली खोकला फार झालाय.

मला वाईट वाटलं, पण तत्त्व ते तत्त्व. तिच्यावर माझं प्रेम आहे (लिहून टाकलं एकदाचं), म्हणून काय गलथानपणा खपवून घ्यायचा? उलट तिचं दुकान सुधारावं, ही माझ्याच प्रेमाची पहिली पायरी.

१० फेब्रुवारी

सापडलं! कॉलेजात एक सर जाळ्यांबद्दल शिकवायचे. माणसं, बाजार, मेंदू, विजेच्या तारा, सगळं म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. रेघा जितक्या कमी आणि थेट, तितका माल झटपट पोचतो. हे त्यांनी एका तासाला सांगितलं. पुढच्या तासाला "पण" म्हणून सुरुवात केली आणि तेवढ्यात हजेरीवरून माझं त्यांचं वाजलं. मी वर्गाबाहेर पडलो तो कायमचाच. त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते ऐकायचं राहून गेलं. फारसं महत्त्वाचं नसणार.

आज फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा कापून त्यावर गल्लीचा नकाशा काढला. आधी आत्ताच्या रेघा काढल्या, तर मांजरानं लोकरीचा गुंडा विस्कटल्यासारखं दिसायला लागलं. मग पाठीमागे नवा काढला. मधोमध आमचं दुकान. प्रत्येक वस्तू आधी माझ्याकडे येणार. मी तपासणार, बिघाड कशात ते ठरवणार आणि ज्याचं काम त्याच्याकडे थेट पाठवणार. दुसऱ्याला दाखवणं बंद, विचारणं बंद, चहा बंद. चाकाच्या आऱ्यांसारख्या सरळ रेघा. बघून माझेच डोळे पाणावले.

१३ फेब्रुवारी

चहाच्या टपरीवर सगळ्यांना जमवलं. मी उभं राहून बोललो, बाकीचे बसून हसले.

"म्हणजे मी आता मिक्सर उघडायचाच नाही?" शिलाईकाकू.

"तुमचं काम शिलाई मशीन."

"बाई गं! माझा विरंगुळाच काढून घेतला की."

तात्या म्हणाले, "पोरगं म्हणतंय तर करून बघू. नाहीतरी ते ओरडायचं थांबणार नाही." रेडिओकाका म्हणाले, त्यांच्या चहाला नावं ठेवायची ही सुसंस्कृत पद्धत आहे, ते जाणून आहेत. वाइंडिंगवाले काका नेहमीप्रमाणे काहीच म्हणाले नाहीत. अशा रीतीनं ठराव एकमतानं मंजूर झाला.

ती मात्र पुठ्ठ्यापाशी बराच वेळ उभी होती. बोट फिरवून फिरवून बघत होती. शेवटी म्हणाली, "आमच्याकडून तुमच्याकडे यायला रेघच नाही."

"गरजच नाही! तुमच्याकडे माल येणार, दुरुस्त होणार, गिऱ्हाइकाकडे जाणार. आमच्याकडे परत येण्याचं काही कारणच उरत नाही. मी तपासलंय."

"नीट तपासलंत?"

"अगदी नीट."

"मग माल आमच्याकडे तुम्ही आणून देणार?"

"मी काउंटर कसा सोडणार? हातगाडीवाला आणेल."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. एका नजरेत सगळा नकाशा कळला तिला. अशी बुद्धी फार थोड्यांकडे असते.

१९ फेब्रुवारी

घवघवीत यश! हातगाडीवाल्याला गल्लीत 'एक्सप्रेस' म्हणतात, कारण तो दर चार पावलांना थांबतो. तरीसुद्धा पूर्वीपेक्षा कितीतरी पटीनं काम उरकतंय. इस्त्री आली, बघितली, दिली. मिक्सर आला, बघितला, धाडला. गल्लीत कशी शांतता आहे. कोणी कोणाच्या दुकानात जात नाही. शिलाईकाकू दारात बसून रस्त्याकडे बघतात. तात्यांनी परवा एक्सप्रेसला हाक मारून विचारलं, "काय रे, त्या टोकाला सगळे जिवंत आहेत ना?"

ती या आठवड्यात एकदाही आली नाही. कामात असेल. मी एक्सप्रेसबरोबर चिठ्ठी पाठवली, "मोटर मिळाली का?" उत्तर आलं, "मिळाली."

'मिळाली.' नुसतं 'हो' लिहिता आलं असतं. तिनं पूर्ण शब्द लिहिला. दुपारभर त्यावर विचार केला.

२३ फेब्रुवारी

आज पुन्हा चिठ्ठी पाठवली, "दुसरी मोटर मिळाली का?" उत्तर म्हणून एक्सप्रेसनं नुसती मान हलवून दाखवली. "ताईंनी अशी हलवली," म्हणाला. कशी हलवली ते त्याच्याकडून तीन वेळा करून घेतलं. दर वेळी वेगळी.

मामी म्हणते माझं तोंड उतरलंय. उतरेल नाहीतर काय? हल्ली साध्यासुध्या वस्तूही लोक परत आणतात. परवा एका हीटरचा बिघाड मला कळेना. आमच्या मामालाही कळेना. त्यानं सवयीनं हीटर उचलून समोर पाऊल टाकलं. मी नुसतं पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. मामा परत बसला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "नवा घ्या."

हा शब्द या दुकानात मी पहिल्यांदा ऐकला.

न राहवून कॉलेजातल्या मित्राला फोन केला. "अरे, ते जाळ्यांवाले सर 'पण' म्हणाले, त्यापुढे काय शिकवलं रे?" तो म्हणाला, "तुझं भांडण संपल्यावर वर्गात इतकं शांत झालं की मला झोप लागली."

२६ फेब्रुवारी

संकट.

बेकरीवाला आपलं कणीक मळायचं मोठं मशीन टेम्पोत घालून घेऊन आला. पहाटे सुरू केलं की थोडा वेळ चालतं आणि भरल्या पिठात बंद पडतं. थोड्या वेळानं आपोआप पुन्हा सुरू होतं. बेकरीवाला म्हणजे गल्लीचं मोठं गिऱ्हाईक. त्याच्या पाठोपाठ आसपासची सगळी हॉटेलं आमच्याकडे येतात.

मी नकाशाप्रमाणे मोटर वाइंडिंगकडे धाडली. काकांनी मागेच तिला पूर्वीपेक्षा जाड, भक्कम वाइंडिंग करून दिलं होतं, ते शाबूत निघालं. सकाळी मशीन बंद. मग गिअर तात्यांकडे. गिअर नवाकोरा असल्यासारखा आहे म्हणाले, आणि याच मशीनला कंजूष माणसाच्या तिजोरीसारखं गच्च झाकण मागे आपणच बसवून दिलंय, हेही अभिमानानं कळवलं. मशीन बंद. मग स्विच रेडिओकाकांकडे. स्विच चोख. मशीन बंद.

प्रत्येकाचं काम चोख आहे आणि मशीन चालत नाही! माझ्या नकाशात अशा बिघाडाला जागाच नाही.

बेकरीवाला म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत बघतो. नाहीतर नदीपलीकडच्या सर्व्हिस सेंटरला नेतो. आणि सांगून ठेवतो, एकदा गेलो की गेलो."

२७ फेब्रुवारी, सकाळ

बेकरी राहू दे बाजूला. एक्सप्रेस आत्ता सांगून गेला, ताई नदीपलीकडे चालल्या. त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये. कालचा दिवस नमुना म्हणून काम करून आल्या, आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय.

हा विश्वासघात आहे! जाऊन तोंडावर सांगतो.

२७ फेब्रुवारी, दुपार

गेलो. काउंटर उघडा टाकून गेलो. ती काकांशेजारी बसून मोटरमध्ये तार भरत होती. मला बघून तिनं मान वर केली.

"तुमच्या नकाशात इकडे यायची परवानगी आहे का?"

"मी भांडायला आलोय."

"मग बसा ना. उभ्यानं कशाला?"

बसलो. बसल्यावर भांडण थोडं लुळं पडतं, हे लक्षात आलं. तरी म्हणालो, "तुम्ही गल्ली सोडून चाललात?"

"काय करू इथे राहून? एक्सप्रेसदादा मोटर आणतात, मी तार गुंडाळते, ते घेऊन जातात. मला शिलाई मशीन उघडता येतं, रेडिओ येतो, तात्यांच्या लेथवर हात बसलाय. कोणी शिकवलं? काही ना काही घेऊन जायचे, ते उघडायचे, मी बघायचे. मध्येच मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं की त्यांनाही नवीन सुचायचं. दोन आठवड्यांत कोणाकडून काही नवं कळलं असेल, तर शपथ."

"पण काम लवकर व्हायला लागलं," एवढंच म्हणालो.

"कुठलं? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे ते."

मी टेबलावरचा तारेचा तुकडा वाकवत बसलो. ती तारेकडे बघत म्हणाली, "एक दुकान तर असं होतं, की तिथे शिकण्यासारखं काही नव्हतं. तरी जायचे."

"कुठलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. काका आतल्या आत हसले की घसा खाकरला ते कळलं नाही.

रेडिओकाकांचं असणार. तिथे चहासुद्धा कडू मिळतो. मग का जायची? या बायकांचं काही कळत नाही.

पण तिचं बाकीचं बोलणं डोक्यात घुसलं होतं. मी उठलो आणि म्हणालो, "ते कणकेचं मशीन पूर्वीसारखं फिरवायचं का?"

"कोण फिरवणार?"

"मी."

"आणि काउंटर?"

"गेला खड्ड्यात!"

ती पदराला... नाही, ओढणीला हात पुसून उठली. "मोटर आमची आहे. मीही येते."

२८ फेब्रुवारी

काल लिहायला हात स्वच्छ नव्हते. सगळं क्रमानं लिहितो.

मशीन गाडीवर चढवलं. मी ढकलत होतो, ती धरत होती, एक्सप्रेस पुढे चालत "बाजू, बाजू" ओरडत होता. समोर कोणी नसताना. आधी शिलाईकाकूंकडे. गाडी बघून त्या इतक्या घाईनं उठल्या, की स्टूल उलटलं. "आलात का रे बाबांनो!" म्हणाल्या आणि चष्मा शोधायला लागल्या. तो डोक्यावरच होता. त्यांना पट्टा सैल वाटला. पट्टा ठीक निघाला. पण त्यांचा चहा होईपर्यंत तात्या आले, तात्यांना बघून रेडिओकाका आणि वाइंडिंगवाले काका आले, मामा तर दुकानाला कुलूप न लावताच आला. सगळे मशीनभोवती उभे राहून एकमेकांचं चुकीचं ठरवत होते. दोन आठवड्यांचं बोलणं साठलं होतं.

"वाइंडिंग तापत असेल."

"माझं वाइंडिंग तापत नाही." हे वाइंडिंगवाले काका. ते बोलतात हेच मी विसरलो होतो.

"मग काय माझं झाकण तापतं?" तात्या.

मला हे ऐकवेना. म्हटलं, सरका, मी जोडून दाखवतो. रागाच्या भरात तारा उलट्या जोडल्या आणि बटण दाबलं.

मोटर उलटी फिरली. मागच्या बाजूला मोटर गार ठेवायला छोटा पंखा असतो. तो एरवी हवा आत ओढतो, उलटा फिरला तशी बाहेर फेकायला लागला, आणि फटींमधून पिठाचा असा काही लोट उसळला, की क्षणभर गल्लीत कोणी कोणाला दिसेना. विरला तेव्हा सगळे पांढरेफटक. रेडिओकाकांच्या मिशा तेवढ्या ओळखू आल्या.

"मूर्ख!" मामा म्हणाला.

"थांबा," रेडिओकाका पीठ थुंकत म्हणाले, "एवढं पीठ मोटरच्या आत काय करत होतं?"

"माझ्या मशिनींमध्ये असाच कापडाचा भुसा भरतो," शिलाईकाकू. "आठवड्याला ब्रशनं काढावा लागतो, नाहीतर जाम होतात."

"पण पूर्वी नाही भरलं ते आता का भरलं?" मामा.

तात्या झाकणाकडे बघत होते. पिठाखालीही त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. "झाकण गच्च बसवलंय ना मी. हवा दुसरीकडून कुठून मिळेना, म्हणून मोटर खालून ओढते. खाली पिठाची परात आहे."

"आणि बाबांनी जाड तार घातल्यावर उरलेल्या फटीही बुजल्या," ती म्हणाली. "म्हणून तापते. तापली की सुरक्षेचा स्विच तिला बंद पाडतो. गार झाली की परत चालू. दुकानात रिकामी चालवली तर तापतच नाही."

कोणाचंच काम वाईट नव्हतं. तात्यांचं चांगलं काम आणि काकांचं चांगलं काम शेजारी शेजारी आल्यावर बिघाड तयार झाला होता, आणि तो दोघांच्याही दुकानात एकट्यानं दिसणं शक्य नव्हतं. मला वाटतं सरांच्या त्या 'पण'च्या पुढे असंच काहीतरी असावं. असलं तर ते पिठासकट शिकवायला हवं.

तात्यांनी झाकणाला वरून भोक पाडून जाळी बसवली, काकूंनी तिच्यावर चढवायला कापडाची टोपी शिवली. धुता येईल अशी. संध्याकाळी बेकरीवाल्यानं भरल्या पिठात मशीन चालवलं आणि ते थांबेना. "कोणी दुरुस्त केलं?" त्यानं विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. दोन बोटं माझ्याकडे होती. मी मोजली.

पुठ्ठा एक्सप्रेसनं गाडीत बसायला घेतला. मीच तो दुमडून दिला.

मग सगळे तोंड धुवायला पांगले. ती नळापाशी होती. मी धीर करून विचारलं, "होकार कळवलात का सर्व्हिस सेंटरला?"

"नकार कळवला. सकाळीच. तू भांडायला आलास त्याच्या आधी."

"आधी? मग मला का नाही सांगितलंत?"

"तू गाडी ढकलतोस की नाही ते बघायचं होतं." मग म्हणाली, "तिथे एका ओळीत टेबलं आहेत. आपल्यासमोर येईल तो भाग बदलायचा आणि पुढे सरकवायचं. शेजारच्याशी बोलायचं नाही. तुझं डोकं तिथे कोणीतरी आधीच वापरलंय."

ती मला 'तू' म्हणाली. चक्क अरे-तुरे. इतकी चिडलीय माझ्यावर.

३ मार्च

कालपासून ती मला वाइंडिंग शिकवतेय. तिनंच फर्मान काढलं, "तुला एकही काम धड येत नाही. रोज दुपारी यायचं." मामानं लगेच परवानगी दिली. मामाचा खोकलाही गेलाय.

तार फार बारीक असते. मी घाईनं ओढतो, ती तुटते. नाही तुटली तर वेढे एकमेकांवर चढतात. आज मी मोठ्या मेहनतीनं भरलेलं सगळं वेटोळं तिनं कात्रीनं कापून टाकलं आणि "पुन्हा" म्हणाली. मी भडकलो. ती हसली. एवढ्या जवळून ती हसते तेव्हा भडकलेलं माणूस कुठे जातं कोण जाणे.

"हात फारच जड आहे तुझा," ती म्हणाली. "तुला शिकायला वर्षभर तरी लागेल."

मी ताठ मानेनं म्हणालो, "छे! मन लावलं तर महिन्यात शिकून दाखवतो. तुला माझा इतका त्रास व्हायला नको."

यावर तिचं हसू गेलं. उरलेली दुपार ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. निघताना कात्री टेबलावर आपटली.

माझं काय चुकलं? घरी येऊन मामीला सांगितलं. मामी हातातलं काम टाकून कपाळ धरून बसली आणि मग इतकी हसली, की मामा बघायला आला. त्यालाही तिनं सांगितलं. दोघंही मला काही सांगायला तयार नाहीत.

तेव्हापासून विचार करतोय. पंखे आठवतायत, ती इस्त्री आठवतेय. नीट तपासलंत का, असं ती दोनदा विचारत होती.

अरे देवा.

उद्या गेल्या गेल्या सांगणार आहे की वर्षही पुरायचं नाही. माझा हात माझ्या समजुतीपेक्षा खूपच जड आहे.